मी दाखवलेलं माहेर

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले, जेवणं झाली, की कोणीतरी ती सांगतं, बहुतेक वेळा माझी सूनच. आणि मग सगळे माझ्याकडे बघून हसतात, प्रेमाने. ती गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे जगात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो हे लिहितो आहे. सुमनला, माझ्या बायकोला, इतक्या वर्षांच्या संसारात मी बरंच काही सांगितलं. हे नाही सांगितलं. मुलाला नाही. देवापुढे बसतो तेव्हाही — खरं सांगतो — मनातल्या मनातसुद्धा हे शब्दांत आणलेलं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय. की हीसुद्धा पळवाटच?

मी पुण्याचा. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो, बहुतेक काळ सर्व्हेवर. मुलगा मिलिंद कंप्युटरच्या नोकरीसाठी न्यूझीलंडला आला, इथल्याच नोराशी त्याने लग्न केलं, आणि मी रिटायर झाल्यावर आम्ही दोघं त्याच्याकडे वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावी आलो ते कायमचे. नोरा हॉस्पिटलात नर्स आहे. मला बाबा म्हणते, सुमनला आई. तिची स्वतःची आई आम्ही येण्याआधीच गेली होती. वडील होते — पॅट.

पॅट रेल्वेत गार्ड होता. अप्पर हट ते वेलिंग्टन आणि परत, अख्खी नोकरी एवढ्याच रुळांवर. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि दर रविवारी शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, बागेतली लिंबं घेऊन जेवायला यायचा. मोठा आवाज, मोठं पोट, आणि कशावरही विनोद. मी त्याला सांगितलं की आमच्यात मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एकमेकांचे व्याही. त्याने तो शब्द तोंडात घोळवला आणि म्हणाला, "व्हाय-ही? व्हाय नॉट मी?" पुढे कित्येक रविवार तो फाटकातूनच ओरडायचा, "व्हाय-ही आहे का घरात?" सुमन पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो. मला तो आवडायचा — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्हाला असं वाटायला नको की — पण जाऊ दे. तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दे.

सुरुवात माझ्याच प्रश्नाने झाली. पहिल्याच रविवारी मी त्याला विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" आपण विचारतोच. नाव कळलं की पुढचा प्रश्न हाच.

"अप्पर हटचा," पॅट म्हणाला.

"ते आत्ताचं. मूळचे?"

"जन्म लोअर हटचा."

"त्याआधी?"

"त्याआधी मी नव्हतो, विश."

सगळे हसले. माझ्या विश्वनाथ नावाचं त्याने पहिल्या दिवशीच विश करून टाकलं होतं. पण मी सोडलं नाही. घराण्याबद्दल विचारतोय मी, म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, आजी आयर्लंडहून आली होती. आयर्लंडात कुठून? कोणतं गाव? पॅटने चमचा खाली ठेवला. त्याला माहीत नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. सातारा जिल्ह्यातलं गाव, कुलदैवत, गोत्र, पणजोबांचे वडील कुठून कुठे आले ते. घडाघडा. आणि तो ऐकत असताना मला बरं वाटत होतं. एवढ्या बोलक्या माणसाला आपण गप्प केलं याचं बरं वाटत होतं. हे क्षुल्लक आहे, मान्य. पण मागे वळून बघतो तेव्हा मला पुढचं सगळं तिथेच दिसतं.

पुढच्या रविवारी तो आजी घेऊन आला — म्हणजे आजीच्या आठवणी. तिचं नाव ब्रिजिड. मोलकरीण म्हणून काम करायला ती कोवळ्या वयात बोटीने एकटी इथे आली, इथेच लग्न केलं, इथेच मेली. लहानपणी पॅट तिच्याच जवळ वाढला. घराबद्दल ती फार बोलायची नाही. दारासमोर एक टेकडी आहे, बसलेल्या गाईसारखी. घरामागे विहीर, तिला पांढऱ्या दगडाची एकच पायरी. आणि निघाली त्या दिवशी तिची आई त्या पायरीवर उभी होती, पण तिने हात हलवला नाही. एवढंच.

सुमन भात वाढता वाढता थांबली. "अगंबाई! म्हणजे ती परत कधी माहेरी गेलीच नाही?"

माहेर म्हणजे काय हे पॅटला इंग्रजीत सांगायला आम्हाला किती वेळ लागला! आईवडिलांचं घर, हे सांगून भागेना. मग सुमनने सांगितलं, जिथे गेलं की कोणी कामाला लावत नाही, जिथे बाई पुन्हा मुलगी होते, जिथून निघताना तिची ओटी भरतात. पॅट म्हणाला, इंग्रजीत असा शब्द पाहिजे होता. त्या दिवसापासून तो त्याचाच शब्द झाला. आयर्लंड म्हणणं त्याने सोडून दिलं. "नॅनाच्या माहेरी जायचंय," म्हणायचा. नॅना म्हणजे आजी. उच्चार माहेअरसारखा व्हायचा, पण म्हणायचा मात्र मनापासून.

तोवर त्याची दृष्टी जायला लागली होती. नजरेच्या मधोमध धूसर डाग, कडांना थोडं दिसायचं, तेही कमी कमी होत गेलं. नोराने खूप खटपट करून, तिथल्या चर्चला पत्रापत्री करून गावाचं नाव मिळवलं. पण तिला रजा मिळेना, मिलिंदला कामातून सवड होईना, आणि पॅटला थांबायचं नव्हतं. "विश येईल ना," तो म्हणाला. "एका झोपडीसाठी डोंगर चढणारा माणूस आहे तो."

ही माझीच बढाई होती, मीच त्याला सांगितलेली. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या घरांची मोजणी माझ्याकडे होती. एका वाडीत सगळी घरं मोजून झाली तेव्हा कळलं की एक झोपडी वर, खूप वर आहे. हाताखालची माणसं म्हणाली, साहेब, गावकऱ्यांना विचारून लिहून टाकू. मी म्हटलं, नाही. स्वतः बघितल्याशिवाय मी सही करत नाही. आणि चढलो. वर एक म्हातारी एकटी होती. तिने मला चूल दाखवली, दळायचं जातं दाखवलं, नवऱ्याने बांधलेला ओटा दाखवला. सगळं बुडणार होतं, तरी दाखवलं. मी ते लिहून घेतलं. नोकरीत मी फार मोठं काही केलं नाही, पण न बघता सही केली नाही. ही गोष्ट मी अनेकांना सांगत आलो आहे.

२०१३ साली आम्ही दोघं आयर्लंडला गेलो. सुमनने माझ्या बॅगेत हिरवा खण, नारळ आणि हळदकुंकवाची पुडी दिली. म्हणाली, "तिच्या उंबऱ्यावर ठेवा. एवढी वर्षं कोणी तिची ओटी भरली नसेल." पॅटला हे सांगितलं तेव्हा त्याने सुमनचे दोन्ही हात हातात घेतले.

आता त्या दिवसाकडे यायला हवं.

पाऊस होता, असं मी स्वतःला सांगत आलो. होता, सकाळी होता. आम्ही पोचलो तेव्हा थांबला होता, नुसतं भुरभुरत होतं. माझा गुडघा दुखत होता, असंही सांगितलं. दुखत होता. पण दोनच दिवसांनी डब्लिनमध्ये एका जुन्या बुरुजाच्या पायऱ्या मी चढून गेलो, वर जाऊन फोटो काढला. उशीर झाला होता, गाडी परत करायची होती — गाडी दुसऱ्या दिवशी परत करायची होती. बघा, एकेक कारण हातात घेतो आणि ते हातातच विरघळतं. मग खाली काय उरतं?

खाली उरते आदल्या दिवसाची एक गोष्ट. ती इतकी लहान आहे की लिहायला लाज वाटते.

आम्ही एका बाईंच्या घरी उतरलो होतो, राहण्याची आणि नाश्त्याची सोय असलेलं घर. सकाळी टेबलावर आणखी दोनतीन जोडपी होती. बाईंनी पॅटला विचारलं, "आणि हे तुमच्याबरोबर कोण?" पॅट म्हणाला, "हा माझा ड्रायव्हर. पगार बटाट्यात देतो." टेबल हसलं. पॅट सगळ्यात मोठ्याने. मीही हसलो. बाई मात्र हसल्या आणि त्यांना ते खरंही वाटलं. नंतर त्यांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, त्यांना गोळ्या किती वाजता द्यायच्या असतात? म्हणजे मी सेवेला ठेवलेला माणूस. मी सांगितलं — किती वाजता ते. मी त्यांचा व्याही आहे, हे नाही सांगितलं. तिकडे पॅटच्या शर्टावर अंड्याचा बलक सांडला होता. मीच पुढे होऊन तो पुसला.

मी मुलाचा बाप आहे. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला हे वाक्य समजावून सांगायला नको. मुलाकडचे. मान कोणाचा, आधी पान कोणाचं, कोणी कोणासमोर वाकायचं. मिलिंदच्या लग्नात मी सगळ्यांना सांगत होतो की आम्ही असलं काही मानत नाही, आम्हाला काही नको. इथल्या एका हॉलमध्ये साधं लग्न झालं, आम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवलं, आणि मी एक शब्द बोललो नाही. पण मला टेबलाचा नंबर लक्षात राहिला. का राहिला? आणि आता मुलीच्या बापाच्या शर्टावरचं अंडं मी पुसत होतो आणि एक परकी बाई मला त्याचा गडी समजत होती. आणि तो हसत होता. त्याला काही दिसलंच नव्हतं. त्याने आयुष्यभर ज्याच्यावर प्रेम केलं त्याची अशीच थट्टा केली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असून मी ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावाच्या फाट्यावर पोचलो. गाव म्हणजे लांब लांब विखुरलेली घरं, दगडी बांध, हिरवं रान. ढग खाली उतरले होते. रस्त्याकडेला एक म्हातारा शेतकरी बांधाचे निसटलेले दगड परत बसवत होता. पॅट गाडीत बसून राहिला, मी उतरलो. आजीचं माहेरचं आडनाव सांगितलं. म्हाताऱ्याला क्षणभरही आठवावं लागलं नाही. हातानेच दाखवलं — हे फाटक, यातून सरळ वर, वीस मिनिटं. एक काटेरी झाड लागेल, एकटंच, ते इथे कोणी तोडत नाही. त्याच्या पुढे. भिंती अजून उभ्या आहेत. मागे विहीर आहे, पांढऱ्या पायरीची.

पांढऱ्या पायरीची. मी विचारलेलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं.

मग मी विचारलं, "आणि हे काय?" रस्त्याला लागूनच तीन दगडी भिंती उभ्या होत्या, चौथी ढासळलेली. तो म्हणाला, "हे? हा आमचा जुना गोठा."

मी हे का विचारलं? कितीदा आठवलं तरी उत्तर एकच येतं. गाडीकडे वळण्याआधीच माझ्या मनात ते आलेलं होतं. म्हणजे तोंडून निसटलं, असं नाही. मी जागा पाहून ठेवली.

म्हातारा आपली हत्यारं घेऊन पलीकडच्या शेतात गेला. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, "चल पॅट. आलं माहेर. हे काय, रस्त्यालाच आहे."

त्याच्या पायांत बळ होतं. आयुष्यभर धावत्या गाडीत या डब्यातून त्या डब्यात चालणारा माणूस. वीस मिनिटं काय, दोन तास चढला असता. माझा दंड धरून तो गोठ्यात आला. हाताने भिंत चाचपली. मग दुसरा हात लावला. मग कपाळ.

"गुरांचा वास येतोय," तो म्हणाला.

"शेजारी कोणाची तरी आहेत."

"नॅना म्हणायची, त्यांची एक गाय होती." आणि तो हसला. मग विचारलं, "टेकडी दिसते का रे?"

ढगात काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "दिसते."

"बसलेल्या गाईसारखी?"

"हुबेहूब."

"आणि विहीर?"

विहिरीसाठी मला क्षणभर थांबावं लागलं. "बुजवलेली दिसते. पण पायरी आहे. पांढरी."

तेव्हा तो रडला. आवाज न करता, भिंतीला गाल लावून. मी बॅगेतून खण काढला, नारळ काढला. जिथे उंबरा असायला हवा होता तिथे गुरांनी तुडवलेला चिखल होता. त्यावर मी एका अनोळखी बाईची ओटी भरली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मनात त्या वेळी एकच होतं — आता कळेल, डोळे कोणाचे आहेत ते. त्याला ते कधी कळणार नव्हतं, आणि तरी हेच मनात होतं.

पॅटने भिंतीतला एक सैल दगड उचलून खिशात घातला. ऑकलंडच्या विमानतळावर त्याने तो स्वतःहून दाखवला. बाहेरची माती इथे आत येऊ देत नाहीत. तिथल्या मुलीने विचारलं, "हे काय?" पॅट म्हणाला, "माझ्या नॅनाचं घर." तिने तो दगड आत नेला, ब्रशने घासून स्वच्छ धुतला आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिला. "किया ओरा, वेलकम होम," इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार करत म्हणाली. मी शेजारी ट्रॉली धरून उभा होतो. धुवून निघाली ती गोठ्यातली माती होती.

मग ती गोष्ट सुरू झाली. पॅटने पहिल्याच रविवारी सांगितली. मी कसा पावसात उतरलो, कसा नेमका घरापाशी घेऊन गेलो, मला कशी टेकडी दिसली. "हीप्स ऑफ पीपल तिथे जाऊन शोधतात, सापडत नाही. विशने दहा मिनिटांत शोधलं." सुमनने डोळे पुसले. तिने ओटीचं विचारलं, मी म्हटलं, ठेवली. नोरा उठून माझ्याजवळ आली आणि वाकून पाया पडली. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. सांगायला तो क्षण होता. नव्हता का? नंतरही क्षण आलेच. तो दगड पॅटने खुर्चीजवळ खिडकीत ठेवला होता. अगदी दिसेनासं झालं तेव्हा दिवसभर त्याचा हात त्यावर असायचा. शेवटी त्या दगडाला तुकतुकी आली होती. मी तिथे जाऊन बसायचो, त्याला पेपर वाचून दाखवायचो. पेपरातलं मात्र सगळं खरं वाचलं, एक अक्षर बदललं नाही. त्याने काय भरून निघतं?

२०१७ साली पॅट गेला. हॉस्पिटलात मी त्याच्याजवळ होतो. तो म्हणाला, "तू मला नॅनाचं माहेर दाखवलंस, विश." मी म्हटलं, "झोप आता." त्याची इच्छा होती की अर्धी राख इथे बायकोजवळ ठेवावी आणि अर्धी माहेरी न्यावी. प्रार्थनेनंतर सगळे बोलले, मीही चार शब्द बोललो. लोकांनी येऊन माझा हात हातात घेतला.

इथे थांबलो असतो, तर हा एका चिडक्या म्हाताऱ्याचा एका दुपारचा खोटेपणा झाला असता. मलाही तो तेवढाच वाटावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून यायचंच आहे.

२०१९ मध्ये नोरा राख घेऊन आयर्लंडला गेली. एकटीच. निघण्याआधी म्हणाली, "बाबा, मॅप काढून द्या ना." सर्व्हेवाल्या माणसाला नकाशा काढायला काय वेळ लागतो? मी फाटा काढला, रस्ता काढला, फाटकही काढलं. फाटकातून वर जाणारी रेघ काढायची होती. पेन्सिल तिथे टेकवली होती. मग गोठ्यावर फुली केली आणि कागद तिला दिला.

इथे सकाळ होती, तिथे आदली संध्याकाळ. मी मागच्या अंगणात घेवड्याच्या वेलांना काठ्या बांधत होतो. फोन वाजला, व्हिडिओवर नोरा. वाऱ्याने केस उडत होते, मागे लख्ख उजेड. गोठ्याला आता नवं पत्र्याचं छप्पर होतं. आत गाई होत्या.

"बाबा, इथे टेकडी दिसत नाहीये."

"ढग असतील."

"ढग नाहीयेत. एकसुद्धा नाही."

"मग झाडं वाढली असतील मध्ये."

तिने फोन फिरवून दाखवलं. झाडं नव्हती. मग म्हणाली, "इथे एक शेतकरी आहे, तो म्हणतो हा गोठाच आहे, पहिल्यापासून. त्याचे वडील म्हणायचे की ते घर कुठेतरी वर आहे. वडील आता नाहीत, आणि तो स्वतः वर कधी गेला नाही." पडद्याच्या कडेला एक तरुण माणूस दिसत होता, टोपी हातात घेतलेला, संकोचलेला. "बाबा? तुमची चूक तर नाही ना झाली?"

बघा. तिने दार उघडून धरलं होतं. चूक. एवढाच शब्द मला उचलायचा होता — हो गं, ढग होते, माझी चूक झाली असेल, तू वर जाऊन बघ. खोटेपणाही कबूल करावा लागला नसता. गेल्या गेल्या तिला काटेरी झाड दिसलं असतं.

मी म्हणालो, "तो लहान आहे, त्याला काय माहीत? त्याच्या वडिलांनीच मला ही जागा दाखवली. हाताने. म्हणाले, आम्ही याचा गोठा नंतर केला, आधी घर होतं."

गेलेल्या माणसाच्या तोंडी मी हे घातलं. ज्याने मला खरा रस्ता दाखवला त्याच माणसाच्या.

नोराने ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वडील तसं म्हणाले असतील, तर तसंच असेल." आणि त्याने काय केलं माहीत आहे? एकेक करून सगळ्या गाई बाहेर काढल्या. खराटा आणला. एका परक्या बाईसाठी तो गोठा त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाडून दिला. हे सगळं मी अंगणात, हातात सुतळी धरून, फोनवर बघत होतो. त्याचं झाडून होईपर्यंत माझ्याजवळ वेळ होता. पुष्कळ वेळ होता. सुमन आतून विचारत होती, "पोचली का नोरा? सापडलं का?" मी म्हटलं, "सापडलं."

नोराने राख तिथे ठेवली. मग फोनकडे बघून, इंग्रजीत नाही, आमच्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, डॅडला माहेरी पोचवलं."

मी म्हटलं, "छान केलंस."

हे मी मराठीत लिहितो आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नोराला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा हे माझ्याही मनात होतं, हे लपवत नाही. म्हणून हे कागद आज मिलिंदच्या हातात देणार आहे. त्याने ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचे आहेत, पहिल्या ओळीपासून. सुमन तिथे असेल. मी समोर बसेन.

नोरा, नकाशावर जिथे फुली आहे तिथे घर नाही. फुलीशेजारी मी फाटक काढलं आहे, ते खरं आहे. त्या फाटकातून सरळ वर जायचं, वीस मिनिटं. एक काटेरी झाड लागेल, एकटंच. त्याच्या पुढे भिंती आहेत. दारात उभी राहिलीस की समोर टेकडी दिसेल, बसलेल्या गाईसारखी. घरामागे विहीर आहे, तिला पांढऱ्या दगडाची एक पायरी आहे.

असं मला सांगितलं होतं. मी वर गेलो नव्हतो.